कोळशामागून येणारा बाजार : वणी परिसरातील खाणी आणि स्थानिक सेवाव्यवसाय
(प्रस्तावना)

यवतमाळ जिल्ह्याचे नाव निघाले की कापूस आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या हे दोनच विषय महाराष्ट्राच्या चर्चेत येतात. २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले त्यांत हा जिल्हा होता, आणि तेव्हापासून तर कोरडवाहू शेती आणि कर्ज यांच्यापलीकडे जाऊन येथील अर्थकारणाचा विचार क्वचितच झाला. त्यामुळे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या बेचक्यात वसलेले वणी आणि झरी-जामणी हे तालुके अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा सुटतात. या तालुक्यांत कापूस आहेच, परंतु त्या काळ्या मातीच्या खाली दगडी कोळसा आणि चुनखडी आहे, आणि ती बाहेर काढण्याच्या उद्योगाने तेथील बाजारपेठेला, रस्त्याला, घरभाड्याला आणि शिकवणीच्या फीलाही उर्वरित जिल्ह्याहून निराळे वळण दिले आहे. खनिजावर आधारलेला उद्योग आपल्या भोवतीच्या सेवाक्षेत्राला, म्हणजे वस्तू न घडवता वाहतूक, दुरुस्ती, जेवणखाण, निवास, उपचार, शिक्षण, पतपुरवठा अशी कामे पुरवणाऱ्या व्यवसायांना, कसा घडवतो आणि कोठे खिळखिळा करतो, हा या विवेचनाचा विषय आहे.

वणीचे प्रशासकीय स्थान प्रथम ध्यानात घ्यावे लागते. वऱ्हाडाच्या आग्नेय भागाचा जिल्हा १८६४ मध्ये आखला गेला, पुढे तो वणीच्याच नावाने ओळखला जाऊ लागला आणि १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. जिल्ह्याला आपले नाव देणारे हे गाव आज महसुलाच्या दृष्टीने यवतमाळकडे पाहते, लोकसभेसाठी चंद्रपूर मतदारसंघात मत टाकते आणि कोळशाच्या कामासाठी नागपूरकडे तोंड करून बसते. वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘वेकोलि’, हिचे मुख्यालय नागपुरात आहे. वणी तालुक्यातील खाणींचा कारभार पाहणाऱ्या तिच्या दोन क्षेत्रीय कार्यालयांपैकी वणी उत्तर क्षेत्राचे कार्यालय वणीजवळच्या भालर वसाहतीत आहे. नुसत्या ‘वणी क्षेत्र’ या नावाने चालणारे कार्यालय मात्र वर्धा नदीपलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यातील ताडाळी येथे आहे. ही बाब वरवर किरकोळ वाटते, पण पुढील विवेचनातील पुष्कळसे काही तिच्यावर अवलंबून आहे.

वर्धा खोऱ्यातील कोळसा गोंडवन काळातील, बराकर नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकांच्या थरांत सापडतो. तो पोलादाच्या भट्टीला चालणारा कोकिंग कोळसा नसून मुख्यतः वीजनिर्मितीच्या उपयोगाचा आहे, आणि म्हणून चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा यांसारख्या औष्णिक वीज केंद्रांशी या खोऱ्याचे नाते घट्ट राहिले. येथील कोळशाची नोंद इंग्रजी अमदानीपासून आहे. परंतु उद्योगाला आजचे स्वरूप आले ते १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर आणि १९७५ मध्ये कोल इंडियाची स्थापना झाल्यानंतर. राजूर आणि कुंभारखणी येथील काम भूमिगत पद्धतीचे, म्हणजे बोगद्यांतून उतरून कोळसा फोडण्याचे होते. उकणी, निलजई, मुंगोली, कोलगाव, घोन्सा, पिंपळगाव येथे मात्र वरची माती आणि खडक हटवून कोळसा उघडा पाडणाऱ्या खुल्या खाणी आल्या. राजूरला आजही लोक ‘राजूर कॉलरी’ म्हणतात, आणि तिथल्या चुनाभट्ट्या कोळसा आणि चुनखडी एकाच ठिकाणी हाताशी असण्याचे फळ आहे.

खनिज उद्योगाचा परिसरावर होणारा परिणाम मांडताना अर्थशास्त्राने दोन परस्परविरोधी सूत्रे दिली आहेत. पहिले सूत्र डग्लस नॉर्थ यांनी १९५५ मध्ये मांडले : एखाद्या प्रदेशातून बाहेर विकल्या जाणाऱ्या मालाचा पैसा प्रदेशात येतो, तो पगार आणि खरेदीच्या रूपाने स्थानिक दुकानदार, कारागीर, शिक्षक, डॉक्टर यांच्या हाती जातो, त्यांच्याकडून पुन्हा इतरांच्या हाती जातो, आणि अशा रीतीने मूळ रुपयाची उलाढाल वाढत जाते. यालाच गुणक परिणाम म्हणतात. दुसरे सूत्र ‘डच आजार’ या नावाने प्रसिद्ध आहे. नेदरलँड्समध्ये १९५९ मध्ये नैसर्गिक वायूचा मोठा साठा सापडल्यानंतर तेथील कारखानदारी मागे पडली, त्यावरून हे नाव रूढ झाले, आणि कॉर्डन व नीअरी या अर्थशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये त्याची रीतसर मांडणी केली. भरभराटीला आलेला खनिज उद्योग मजूर आणि भांडवल आपल्याकडे ओढतो, त्याच्या पैशाने जागा, भाडे, मजुरी अशा बाहेरून आणता न येणाऱ्या गोष्टी महाग होतात, आणि ज्यांच्या मालाचा भाव बाहेरच्या बाजारात ठरतो त्यांचे कंबरडे मोडते. वणीत हा ‘ज्यांचा’ म्हणजे कापूस पिकवणारा शेतकरी होय. दोन्ही सूत्रे एकाच गावात एकाच वेळी खरी ठरू शकतात, आणि त्यांचे प्रमाण काय हे मोजूनच पाहावे लागते.

याविषयीचे बरेच लेखन आर्क्टिक प्रदेशातून आले आहे, आणि त्याचे कारण उघड आहे. बर्फाळ उत्तरेतील वस्त्या लहान, एकाकी आणि एकाच खाणीवर किंवा एकाच तेलविहिरीवर उभ्या असल्याने तेथे कारण आणि परिणाम यांची नाळ स्पष्ट दिसते. स्वालबार द्वीपसमूहातील लाँगइयरब्यन हे गाव कोळशासाठीच वसले, तेथील दुकान, शाळा, दवाखाना दीर्घकाळ खाण कंपनीच्याच हाती होता. पुढे पर्यटन आणि संशोधन यांनी गावाला दुसरा आधार दिला, आणि २०२५ मध्ये तेथील अखेरची नॉर्वेजियन खाण बंद झाली तेव्हा गाव उठून गेले नाही. त्याच द्वीपसमूहातील पिरामिडेन या रशियन खाणगावाला असा दुसरा आधार मिळाला नव्हता. १९९८ मध्ये खाण थांबली आणि वस्ती ओस पडली. तथापि या उदाहरणांवरून वणीविषयी घाईने निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. वणी खाणीसाठी वसलेले गाव नाही. रंगनाथस्वामींच्या जत्रेतला बैलबाजार, कापसाचे जिनिंग आणि बाजार समिती यांच्यावर ते खाणींच्या आधीपासून जगत आले आहे. कोळसा येथे आधीच भरलेल्या बाजारात आला, आणि म्हणूनच त्याने नवे काय उभे केले याच्याइतकेच जुने काय बदलले हेही पाहावे लागते.

या बदलाची पहिली खूण बाजाराच्या दिनदर्शिकेत दिसते. कापसाच्या मुलखातील व्यापार हंगामी असतो : दिवाळीच्या आगेमागे कापूस घरात येतो, तो विकला गेला की कपडा, सोने, लग्नकार्य आणि जुनी उधारी यांचे व्यवहार होतात, आणि उन्हाळा सरता सरता दुकानदाराची वही पुन्हा उधारीने भरू लागते. राष्ट्रीयीकरणानंतर खाणकामगाराला जो पगार मिळू लागला तो दर महिन्याचा, खात्रीचा आणि देशपातळीवरच्या राष्ट्रीय कोळसा वेतन करारान्वये ठरणारा होता. मे २०२३ मध्ये सही झालेला अकरावा करार १ जुलै २०२१ पासून लागू झाला आणि त्याने किमान १९ टक्के वाढीची हमी दिली. विदर्भातल्या कुठल्याही कोरडवाहू शेतकऱ्याला अशी हमी कोणी दिलेली नाही. अशा पगाराच्या भरवशावर बँका कर्ज देतात, दुचाकीची आणि फ्रिजची दालने हप्ते बांधून देतात, विमा एजंटाचे पाय वसाहतीकडे वळतात, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात किराणा दुकानदाराची उधारी वसूल होते. हंगामावर चालणाऱ्या बाजाराला महिन्यावर चालणारा बाजार येऊन मिळाला, आणि पाऊस दगा देणाऱ्या वर्षी या दुसऱ्या बाजाराने पहिल्याला तगवले, हे खाणींचे श्रेय नाकारता येणार नाही.

मात्र पगारावर चालणारे हे युग आता ओसरत आहे, आणि या विषयावरच्या लेखनात याच मुद्द्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष झालेले आढळते. कोल इंडियाचे उत्पादन स्थापनेच्या वर्षी सुमारे ७.९ कोटी टन होते, ते २०२३-२४ मध्ये ७७.३६ कोटी टनांवर गेले. याच काळात तिच्या कायम कामगारांची संख्या सहा लाखांच्या वरून सव्वादोन लाखांच्या आसपास उतरली. वेकोलिनेही २०२३-२४ मध्ये ६.९ कोटी टनांहून अधिक कोळसा काढला. खुल्या खाणीत माणसांची जागा शॉव्हेल आणि डंपर घेतात, आणि कोळशावरची माती हटवण्याचे अवाढव्य काम कंत्राटदाराकडे जाते. कंत्राटदाराची यंत्रे, चालक आणि मेकॅनिक बहुधा बाहेरून येतात, खाणीजवळच्या छावणीत राहतात, तेथेच जेवतात आणि पगाराचा मोठा भाग गावी धाडतात. उत्पादन वाढत असताना परिसरातील किराणा दुकानाचा गल्ला मात्र त्या प्रमाणात का वाढत नाही, याचे उत्तर येथे मिळते. खाणीतून किती टन निघाले यापेक्षा खाणीत राबणारा माणूस रात्री कोठे मुक्कामाला असतो आणि त्याच्या कामाच्या बिलावर सही कोठे होते, यांवरच स्थानिक सेवाव्यवसायाचे बळ अवलंबून असते, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

कायम कामगार कमी झाले तरी रस्त्यावरचा ट्रक वाढला, आणि आज वणीच्या सेवाक्षेत्राचा कणा हा ट्रकच आहे. एका ट्रकच्या एका फेरीने किती हातांना काम मिळते हे जवळून पाहण्याजोगे आहे. खाणीवर भरण्यापूर्वी रिकाम्या गाडीचे आणि भरल्यानंतर भरलेल्या गाडीचे वजन काट्यावर होते. कोळसा उडू नये म्हणून वरून ताडपत्री ओढून दोरीने आवळावी लागते, आणि हे काम क्लीनर करतो किंवा तेथेच उभी असलेली पोरे काही रुपयांत करून देतात. गाडीला भाडे मिळवून देणारा ट्रान्सपोर्टचा मुनीम, डिझेल उधारीवर देणारा पंप, कमानपाट्याचे काम करणारा लोहार, डायनामो आणि सेल्फ दुरुस्त करणारा ऑटो इलेक्ट्रिशियन, बॉडी बांधणारा सुतार आणि वेल्डर, टायरवर नवा थर चढवून देणारे रिमोल्डिंगचे दुकान, रात्रभर कॉम्प्रेसर चालू ठेवणारा पंक्चरवाला, गाडीचा विमा आणि परवाना यांची कागदपत्रे पाहणारा एजंट, दाल-तडका आणि खाट देणारा ढाबा, अशी ही साखळी आहे. करंजीहून वणी, घुग्गुसमार्गे चंद्रपूरला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने आणि वणीजवळच्या लालपुलिया परिसरातील कोळसा डेपोंच्या भोवती ती दाटलेली दिसते. या साखळीतला प्रत्येक जण स्वतःला व्यापारी किंवा कारागीर समजतो, खाणकामगार समजत नाही. पण वीज केंद्राने कोळसा रेल्वेने नेण्याचे ठरवले, किंवा खाणीपासून सायडिंगपर्यंत, म्हणजे रेल्वे डबे भरण्याच्या फाट्यापर्यंत, पट्ट्यावरून कोळसा वाहून नेण्याची सोय झाली, तर ज्याचे काम एका महिन्यात बसेल तो हाच. खाणीतल्या कायम कामगाराला संघटना आहे, करार आहे, भविष्यनिर्वाह निधी आहे. टायरच्या दुकानाला यांपैकी काही नाही.

उत्पन्नाच्या गळतीचा, म्हणजे परिसरात मिळवलेला पैसा परिसराबाहेर खर्च होण्याचा, प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. कामगार जितका चांगल्या पगाराचा, तितकी त्याची मोठी खरेदी दूर होते, असा सर्वत्र अनुभव आहे, आणि वणी त्याला अपवाद नाही : मोठे आजारपण, मुलांचे अभियांत्रिकीचे किंवा वैद्यकीय प्रवेशाचे क्लास, निवृत्तीनंतरचे घर यांचा पैसा नागपूर-चंद्रपूरकडे वाहतो. तालुक्याच्या पूर्वेकडील मुंगोली, निलजई, कोलगाव येथील खाणींची सोयीची बाजारपेठ तर नदीपलीकडचे घुग्गुसच आहे. जमीन यवतमाळ जिल्ह्याची जाते आणि दुकान चंद्रपूर जिल्ह्याचे चालते, हे तेथील माणसाला सांगावे लागत नाही. कंत्राटांच्या निविदा, मोठ्या यंत्रांचे सुटे भाग, बँकेची मोठी कर्जे यांचे निर्णय नागपुरात होतात, आणि त्यांना लागणारे हिशेबनीस, वकील, सल्लागार हेही तेथेच असतात. अधिक मोबदल्याच्या, शिकलेल्या माणसांच्या सेवा मुख्यालयापाशी आणि कमी मोबदल्याच्या, अंगमेहनतीच्या सेवा खाणीच्या तोंडाशी, अशी ही वाटणी आहे.

डच आजाराचे सूत्र येथे तपासायचे तर शेतमजुरीकडे पाहावे लागते. वर्षाच्या कराराने राबणारा सालगडी मिळत नाही ही खाणपट्ट्यातील शेतकऱ्याची नेहमीची तक्रार आहे, आणि ती खोटी नाही. डंपरवर मदतनीस म्हणून का होईना रोज मिळत असेल तर तरुण नांगरामागे राहत नाही. परंतु ही ओढ जवळजवळ केवळ पुरुषांना लागू पडते. खाण कायदा, १९५२ अन्वये स्त्रियांना भूमिगत कामास आणि रात्रपाळीस मनाई होती, ती २०१९ मध्ये अटींसह शिथिल झाली. तोवर खाणीतील रोजगाराची घडी पक्की बसलेली होती. त्यामुळे कापसाची वेचणी, निंदण-खुरपण ही कामे पूर्वीप्रमाणेच बायकांच्या हाती राहिली आणि त्यांची मजुरी किलोवर किंवा दिवसावर मोजली जात राहिली. कोळशाचा पैसा स्त्रियांपर्यंत पोचतो तो सेवाव्यवसायाच्या आडवाटेने : बिऱ्हाड न थाटलेल्या कामगारांचे डबे, खानावळी, शिवणकाम, लहान मुलांच्या शिकवण्या, वसाहतीतली घरकामे, बचत गटाच्या कर्जावर टाकलेले किराणा दुकान. ही कामे शासकीय आकडेवारीत नीट उमटत नाहीत, आणि खाणीच्या स्थानिक परिणामाचे अंदाज चुकण्याचे ते एक मोठे कारण असावे.

जमिनीच्या मोबदल्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. कोळसा कंपनीसाठी जमीन मुख्यतः कोळसाधारक क्षेत्र (संपादन आणि विकास) अधिनियम, १९५७ खाली घेतली जाते, आणि कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी असे सूत्र आहे. ज्याच्याकडे दोन एकर भरत नाहीत त्याला शेजाऱ्याशी जमीन जोडून एक नोकरी वाटून घ्यावी लागते किंवा नोकरीऐवजी रोख रक्कम स्वीकारावी लागते. त्या रोख रकमेतून टिप्पर, जीप किंवा जेसीबी घेऊन पुन्हा खाणीच्याच कामाला लावण्याचा मार्ग अनेक प्रकल्पग्रस्त कुटुंबे पत्करतात. शेती गेली म्हणून सेवाव्यवसाय, आणि सेवाव्यवसायाचे गिऱ्हाईक पुन्हा तीच खाण, असे हे चक्र आहे. त्यात जोखीम खाणीकडून कुटुंबाकडे सरकते, आणि भाव ठरवताना गाडीमालकाच्या हातात फारसे काही राहत नाही. शेतीच्या जोखमीहून ही जोखीम जड की हलकी, हे कुटुंबागणिक वेगळे ठरते.

खनिजातून मिळालेल्या पैशाचा काही भाग परिसराला परत देण्यासाठी २०१५ च्या कायदेदुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान ही व्यवस्था आणली. खाणधारकाने सरकारला द्यायच्या स्वामित्वधनाच्या, म्हणजे खनिजावरील शासकीय हिश्श्याच्या, विशिष्ट टक्केवारीइतकी रक्कम या प्रतिष्ठानात भरायची, आणि ती पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण यांसारख्या गरजांवर खर्च व्हायची, अशी तिची रचना आहे. प्रतिष्ठान जिल्हावार असते, आणि वणी व यवतमाळ यांच्यात शंभराहून अधिक किलोमीटरचे अंतर आहे. निधी वणीच्या धुळीतून जमा होणार आणि त्याच्या विनियोगाचा विचार जिल्ह्याच्या ठिकाणी होणार, यातला ताण त्यामुळे अटळ होता. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी खाणीपासून १५ किलोमीटरपर्यंतचा भाग प्रत्यक्ष बाधित आणि २५ किलोमीटरपर्यंतचा भाग अप्रत्यक्ष बाधित ठरवून या ताणाला एक मोजपट्टी दिली. तरीही या निधीतून उभ्या राहणाऱ्या इमारतींपेक्षा त्यांत बसणारा डॉक्टर आणि शिक्षक महत्त्वाचा असतो, आणि सेवाक्षेत्राचा अभ्यासक इमारती मोजत नाही.

कोळशाच्या जोडीला आता सिमेंट आले आहे. झरी-जामणी तालुक्यातील मुकुटबन येथे बिर्ला कॉर्पोरेशन समूहाचा सिमेंट कारखाना २०२२ मध्ये सुरू झाला आणि त्याची वार्षिक क्षमता ३९ लाख टन आहे. कोलाम या, अतिअसुरक्षित म्हणून गणल्या गेलेल्या आदिवासी समाजाची आणि गोंडांची वस्ती असलेल्या या तालुक्यात एवढा मोठा कारखाना येणे ही नवी घटना आहे. सिमेंट कारखाना खाणीहून एका बाबतीत निराळा : तो कच्चा माल तेथेच पक्का करतो, म्हणून त्याला रसायनतज्ज्ञ, वीजतंत्रज्ञ, प्रयोगशाळा, यंत्रदुरुस्ती अशा अधिक कौशल्याच्या सेवा लागतात. त्या मुकुटबन किंवा वणीत रुजतील की कारखान्याच्या भिंतीआड आणि नागपूरच्या फोनवर चालतील, हे पुढील दशकात पाहण्यासारखे आहे.

शेवटी खाण संपल्यानंतरचा प्रश्न उरतो. शेजारच्या वरोऱ्याची जुनी कोळसा खाण १९०६ मध्ये बंद झाली, पण वरोरा उजाड झाले नाही, कारण कापसाचा बाजार आणि रेल्वे त्याच्यापाशी होती. वणीपाशीही त्या दोन्ही गोष्टी आहेत. मात्र आज ट्रकवर जगणाऱ्या लोकसंख्येचे प्रमाण त्या काळच्या वरोऱ्याला ठाऊक नव्हते. केंद्रीय कोळसा मंत्रालयाच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक खाणीला बंद करण्याची योजना आधीच सादर करावी लागे आणि त्यासाठी खुल्या खाणीला हेक्टरी ६ लाख, तर भूमिगत खाणीला हेक्टरी १ लाख रुपये या दराने (२००९ च्या किमतीनुसार) राखीव खात्यात रक्कम ठेवावी लागे. ही रक्कम जमिनीच्या क्षेत्रफळावर मोजली जाई. रस्त्याच्या कडेला दहा फुटांच्या गाळ्यात रिमोल्डिंगचे दुकान चालवणारा माणूस कोणत्या हेक्टरात धरायचा, याची तरतूद त्या सूत्रात नव्हती. आणि वणी परिसराच्या सेवाक्षेत्राचा अभ्यास त्या गाळ्यापासून सुरू व्हायला हवा, या भूमिकेतूनच पुढील विवेचनाची आखणी केली आहे.